नदीचे प्रतीक आणि नदीकाठचा माणूस

कादंबरीतील नदीला प्रतीकरूप केव्हा प्राप्त होते, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारशा चिकित्सेने हाताळलेला नाही. नदी म्हणजे माता, तीर्थ किंवा कालप्रवाह, ही समीकरणे परंपरेकडून आयती मिळतात. परिणामी, काठावर जगणाऱ्या पात्रांचा नदीशी असलेला व्यवहार तपासण्यापूर्वीच तिचा अर्थ निश्चित होऊन बसतो.

अद्वैत मल्लबर्मन यांची 'तितास एकटि नदीर नाम' (१९५६) ही बंगाली कादंबरी या संदर्भात एक निकष पुरवते. मल्लबर्मन स्वतः मालो या मासेमारी करणाऱ्या समाजातले. कादंबरीत तितास आटत जाते, पात्रातून जमीन वर येते, तिच्यावर इतरांचा ताबा बसतो आणि मालोंची वस्ती विसकटते. येथे नदी समाजजीवनाचे प्रतीक होते, कारण आधी ती त्या जीवनाचे साधन असते. प्रतीकार्थ आटणाऱ्या पाण्यातूनच अपरिहार्यपणे निष्पन्न होतो.

हा निकष गडचिरोलीच्या अनुभवविश्वाला लावून पाहण्यासारखा आहे. भामरागडजवळ पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात. बाहेरून येणाऱ्याला तेथे त्रिवेणी संगम दिसतो आणि संगम म्हटला की पावित्र्याचा संकेत आपोआप जागा होतो. काठच्या माडियांसाठी मात्र या पाण्यात मासळी असते आणि पलीकडच्या तीरावर सोयरे असतात. प्रशासनाच्या नकाशात इंद्रावती ही राज्याची सीमा आहे. पर्लकोटेला पूर आला की बाजार आणि दवाखाना दुरावतात. १९८०च्या दशकात इंद्रावतीवरील भोपालपट्टणम आणि गोदावरीवरील इचमपल्ली या नियोजित धरणांना बाबा आमटे यांच्या पुढाकाराने विरोध झाला, तेव्हा नदीचे पाणी गावे बुडवणारे संकट म्हणूनही समोर आले. इतके परस्परविरोधी अर्थ 'माता' या एका शब्दात मावत नाहीत.

विलास मनोहर यांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीने माडियांचे जगणे मराठी वाचकापर्यंत पोचवले. माणूस परिस्थितीतून कसा घडतो, याकडे तिचे शीर्षकच लक्ष वेधते. या प्रदेशातून आलेल्या संहिता वाचताना, नदी कशाचे प्रतीक आहे याआधी ती कोणाची आहे, कोणाला पोसते आणि कोणाला अडवते, हे विचारावयास हवे. हा प्रश्न टाळणारी समीक्षा नदीला पूज्य ठरवते, पण काठच्या माणसाला निसर्गवर्णनात जमा करून टाकते.