स्नेहमेळाव्यापलीकडचे वर्गमित्र

पंधरा-वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा एकत्र येणारे वर्गमित्र हा आपल्या चित्रपटांचा आवडता विषय झाला आहे. लाल जोस यांचा मल्याळम ‘क्लासमेट्स’ २००६ साली आला. पुढे त्याची तेलुगू आणि तमिळ रूपे झाली आणि २०१५ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी तो मराठीत आणला. सी. प्रेमकुमार यांचा तमिळ ‘९६’ (२०१८) शाळासोबत्यांचा असला तरी कुळ तेच. त्याचीही कन्नड आणि तेलुगू रूपे झाली. नितेश तिवारींचा हिंदी ‘छिछोरे’ (२०१९) वसतिगृहातल्या मित्रांचा. एकच गोष्ट इतक्या भाषांतून सहज फिरते, तेव्हा ती केवळ चांगल्या पटकथेमुळे फिरत नाही. ती प्रेक्षकाची एखादी जुनी इच्छा पुरी करत असते. ही इच्छा कोणती, आणि ती पुरी करताना गोष्टीतून काय गळून पडते, हे पाहायला हवे.

‘क्लासमेट्स’मध्ये कोट्टयमच्या महाविद्यालयात जुन्या वर्गाचा स्नेहमेळावा भरतो. त्याच रात्री सुकुमारनचा गळा आवळण्याचा प्रयत्न होतो आणि चित्रपट तपासकथेच्या वाटेने मागे जातो. मुरली नावाच्या वर्गमित्राचा मृत्यू सुकुमारनच्या हातून नकळत झालेला असतो आणि ते कोणाला ठाऊक नसते. गळा आवळणारी रझिया. मुरलीवर तिचे प्रेम होते, हेही वर्गाला कधी कळलेले नसते. चित्रपटाचे खरे बळ मला या दुसऱ्या अज्ञानात दिसते. राजकारण, निवडणुका, गाणी यांत सतत एकत्र असलेल्या या मुलांना आपल्यातल्या सर्वांत गप्प मुलीविषयी काहीच माहीत नव्हते, आणि मधल्या वर्षांत कोणी विचारलेही नाही. पण चित्रपट या प्रश्नाशी थांबत नाही. गुन्ह्याची उकल झाली, गैरसमज फिटले, सुकुमारन आणि तारा पुन्हा जवळ आले, की खटला निकालात निघतो. भूतकाळ म्हणजे एक बंद प्रकरण आणि स्नेहमेळावा म्हणजे त्याची शेवटची सुनावणी.

‘९६’मध्ये गुन्हा नाही, पण रचना जवळपास हीच. राम आणि जानकी एका रात्रीत न घडलेल्या आयुष्याचा हिशेब करतात आणि पहाटे विमानतळावर निरोप घेतात. ही भेट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून ठरते, हे तपशील म्हणून फार नेमके आहे. मात्र ज्यांनी फोन केले, सभागृह ठरवले, रामला ओढून आणले, ते मित्र नायक-नायिका समोरासमोर येताच कडेला सरकतात. ‘छिछोरे’मध्ये मुलाच्या आजारशय्येभोवती सगळे मित्र एका हाकेसरशी जमतात. त्यांची टोपणनावे तीच, थट्टा तीच. मधली वर्षे फक्त मेकअपने दाखवलेली. तिथे आपली इच्छा उघडी पडते: काहीही न करता मैत्री टिकून राहावी आणि गरज पडेल तेव्हा ती होती तशी हाती यावी.

प्रत्यक्षात मैत्री अशी टिकत नाही. कोणीतरी पत्ते लिहून ठेवतो, वाढदिवस लक्षात ठेवतो, उत्तर न आलेल्याला पुन्हा फोन करतो. हे काम बहुधा एकाच माणसाच्या अंगावर पडते आणि त्यात नाट्य जवळजवळ नसतेच. म्हणून पटकथेला ते नकोसे असते. कादंबरीला मात्र ते पेलते, याचा चांगला दाखला म्हणजे मेरी मॅकार्थींची ‘द ग्रुप’ (१९६३).

मॅकार्थी स्वतः अमेरिकेतल्या व्हॅसर महाविद्यालयाच्या १९३३च्या पदवीधर. कादंबरी त्याच वर्षाच्या आठ मैत्रिणींची आहे. पदवीदानानंतर आठवड्याभरात केच्या लग्नाने ती सुरू होते आणि सात वर्षांनी केच्याच अंत्यविधीने संपते. मधली प्रकरणे आळीपाळीने वेगवेगळ्या मैत्रिणींकडे जातात. एकीच्या प्रकरणात बाकीच्या ऐकीव बातमीसारख्या येतात: अमकीला मूल झाले, तमकी युरोपातून अजून परतली नाही. दीर्घकाळ संपर्कात राहणे हे असेच असते. आपण मित्राला समोर कमी पाहतो आणि तिसऱ्याच्या तोंडून जास्त ऐकतो. या अनुभवाला मॅकार्थींनी रूप दिले, हे त्यांचे मोठे श्रेय.

या गटातली हेलेना डेव्हिसन माजी विद्यार्थिनींच्या नियतकालिकासाठी आपल्या वर्गाच्या बातम्या लिहिते. केच्या लग्नाची बातमीही ती लिहिते, प्रसन्न आणि खुसखुशीत. पण वाचकाने ते लग्न पहिल्याच प्रकरणात पाहिलेले आहे. आईवडिलांविना झालेले, मैत्रिणींना आतून अवघडून टाकणारे. बातमी आणि घटना यांतले हे अंतर पुढे वाढत जाते. नवरा केला मनोरुग्णालयात ठेवतो, तेव्हा ते कोणाच्या बातमीपत्रातून कळत नाही. रुग्णालयात नोकरी करणारी पॉली चाचणीसाठी नव्या रुग्णाच्या खोलीत जाते आणि समोर के असते. संपर्काचे जाळे जिथे कमी पडते तिथे योगायोग कामी येतो, आणि योगायोगाच्या भरवशावर मैत्री सोडता येत नाही, हे मॅकार्थी एकही शेरा न मारता सांगतात.

‘द ग्रुप’ निर्दोष नाही. मॅकार्थींची नजर अनेकदा इतकी तिखट होते की माणसाऐवजी त्याचा नमुनाच उरतो. शिवाय या मुली सुस्थितीतल्या. त्यांचे पत्ते हरवत नाहीत, आणि हरवले तरी शोधण्याची साधने त्यांच्यापाशी आहेत. सात वर्षांचा काळही ‘अनेक दशके’ म्हणावा असा नाही. पण आपल्याकडे ही गोष्ट लिहायची तर कुठून सुरू करावी, याची खूण हेलेनाच्या कामात सापडते.

आपल्याकडे हजेरीपटावरच्या निम्म्या नावांचा माग लग्नानंतर सुटतो. आडनाव बदलते, कित्येकदा पाळण्यातले नावही बदलते, गाव बदलते. पंचवीस वर्षांनी ग्रुप तयार होतो तेव्हा ‘आपल्या वर्गातल्या मुली कुठे आहेत?’ हा प्रश्न हमखास येतो आणि दोन-तीन नावांवर थांबतो. वसतिगृहातली मुले एकमेकांना सापडतात. खेड्यातून एसटीने ये-जा करणारा, शेवटचा तास सुटताच बस गाठायला पळणारा मुलगा कोणाच्या आठवणीतच नसतो. कट्ट्यावर बसायला वेळ लागतो, आणि तो सगळ्यांकडे सारखा नव्हता. मराठीत सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’पासून कट्ट्याची मोहिनी आपण भरपूर जपली. कट्ट्यावर न बसलेल्यांची गोष्ट त्या मोहिनीत मावत नाही.

म्हणून रझिया मला पुन्हा आठवते. ‘क्लासमेट्स’ तिला गुन्ह्याच्या उत्तरासारखी शेवटी समोर आणतो. तिच्याकडून सुरुवात केली असती तर? मधल्या प्रत्येक वर्षी तिला कोणी पत्र लिहिले, कोणी लिहायचे राहिले, कोणाला तिचा पत्ता ठाऊक होता, हे विचारत जाणारी कादंबरी कशी झाली असती? तिच्यात गळा आवळण्याचा प्रसंग कदाचित आलाच नसता. फार तर कोणीतरी तिला वर्षातून एकदा फोन केला असता.