ओवीचा तोकडा चरण

ओवीची व्याख्या करताना आपले छंदोविवेचन पहिल्या तीन सयमक चरणांवर स्थिरावते. अखेरचा तोकडा, निर्यमक चरण केवळ उरलेला भाग म्हणून नोंदला जातो. ‘ज्ञानेश्वरी’पुरता (१२९०) तरी हा क्रम उलटा करायला हवा. तीन यमकांनी जागवलेली अपेक्षा चौथा चरण पुरी करीत नाही. नादाच्या अंगाने ओवी मिटत नाही, म्हणून वाक्य पुढल्या ओवीत सहज उतरते. दृष्टान्तमालिकांत ‘जैसे’ने उघडलेले वाक्य कधी कित्येक ओव्यांनंतर ‘तैसे’पाशी पोचते. तेथे अर्थाचे एकक ओवी नव्हे, ओव्यांची साखळी असते. (ओवीगणिक क्रमांक घालणाऱ्या छापील आवृत्त्यांनी सुट्या ओव्या उद्धृत करण्याची खोड आपल्याला लावली, हेही खरेच.)

आता मोठा अभंग पाहावा. ६, ६, ६, ४ अशी अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत, चौथा पुन्हा आखूड आणि निर्यमक. आराखडा जवळपास तोच. परंतु तुकारामांच्या अभंगात हा आखूड चरण अनेकदा निर्णायक विधानासारखा आदळतो. तेव्हा वरचे विधानही तपासावे लागते. मिटणे वा न मिटणे एकट्या चरणाच्या लांबीत नसते. अभंगात ध्रुवपद पुन्हापुन्हा परतते, नाममुद्रा शेवट जाहीर करते. ग्रंथातील ओवीला या दोहोंचा आधार नाही, तिला निरूपण पुढे न्यायचे असते. अक्षरगणनेला हा भेद दिसत नाही, कारण गायन आणि निरूपण या दोहोंपासून तिने रचना आधीच तोडलेली असते.