आले ते!

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पुरणपोळीच्या अमलाखाली मी आडवा झालो होतो. तेवढ्यात शेजारच्या काकाजींची हाक आली, "बाहेर या जी, आले ते!"

‘ते’ म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गोंदियाच्या आमच्या गच्चीवरून पाहतो तो काय, जळत्या ठिपक्यांची माळ आभाळातून सरकत चाललेली! "यान आहे," काकाजी म्हणाले. "खिडक्या पाहा." आणि काय सांगू, मलाही खिडक्या दिसल्या!

त्या कोणी बसवल्या, याचा मग मी शोध घेतला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेल्या बशीसारख्या त्या उडत होत्या, असे तो म्हणाला. हे वर्णन चालीचे; वर्तमानपत्रांनी ते आकाराला चिकटवले आणि ‘उडती तबकडी’ जन्मली. १९५१ साली ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ने ती थेट वॉशिंग्टनमध्ये उतरवली. मराठीत डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णींच्या ‘पृथ्वीवर माणूस उपराच’ने तर वाचकालाच उपरा ठरवले. भाडेकरूंना ते चटकन पटले असावे! उरलेले काम २००३ च्या ‘कोई... मिल गया’मधल्या जादूने केले.

करमणुकीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की या मंडळींनी आपल्याला एकच प्रश्न शिकवला: ‘कोण आले?’ त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग चेंग ३बी’ अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे जाणकारांनी सांगितले. ते एखाद्या छपरावर पडले असते तर? खरा प्रश्न होता ‘कोणी टाकले?’ पण परग्रहवासी मोठे सोयीचे असतात. त्यांच्याकडे नुकसानभरपाई मागता येत नाही.

जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा भरपूर लिहिल्या. पण पाहुणे खरोखर शोधायचे ठरले, तेव्हा २००१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. पाहुणे असलेच, तर जंतूंएवढे! अशांना सिनेमात कोण घेणार? पण कथा सांगताना मोकळे सुटावे आणि विश्वास ठेवताना नळी धुऊन घ्यावी, हे शहाणपण मला त्यात दिसते.

हे सारे मी काकाजींना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग खिडक्या जी?"

मी गप्प बसलो. साक्षीदार मीच होतो ना!