पवनेचं पाणी आणि पॉलिमरचा कॉलम

तळेगावच्या आसपासच्या पॉलिहाउसांतला गुलाब व्हॅलेंटाइनच्या तोंडावर परदेशी रवाना होतो. त्यावर फवारलेल्या औषधाचा अंश पवना किंवा इंद्रायणी नदीत उतरला का, हे पाहायचं तर पाण्यातले लहान रेणू एकमेकांपासून सुटे करावे लागतात. सच्छिद्र पॉलिमरचा कॉलम आणि विजेचा दाब यांच्या जोरावर हे काम उत्तम होईल, अशी ग्वाही इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफीवरचे शोधनिबंध पंचवीसेक वर्षं देत आले आहेत. ती मावळातल्या पाण्यावर तपासून पाहावी, कारण निबंधांतले नमुने फारच सोज्वळ असतात.

तत्त्व मात्र देखणं आहे. पंपानं ढकललेला द्रव नळीच्या मधोमध जोरात धावतो आणि कडेला रेंगाळतो. विजेनं ओढलेला द्रव सगळीकडे जवळपास एकाच वेगानं सरकतो, त्यामुळे वेगळे झालेले पट्टे कमी पसरतात. प्रिटोरियस यांनी हे १९७४ मध्ये दाखवलं, जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी १९८१ मध्ये पुढे नेलं. गाडं अडलं ते भरण्यापाशी. केसाएवढ्या नळीत सिलिकाचे कण भरायचे, ते निसटू नयेत म्हणून टोकांना फ्रिट, म्हणजे सच्छिद्र बुचं, बसवायचे. तिथेच बुडबुडे धरतात आणि वीजप्रवाह तुटतो.

फ्रेशे आणि स्वेक यांच्या गटानं १९९७ मध्ये कणही काढून टाकले आणि फ्रिटही. ब्युटिल मेथॅक्रिलेट, इथिलीन डायमेथॅक्रिलेट आणि सल्फोनिक आम्लगट असलेला थोडा मोनोमर घ्यायचा. त्यात पाणी, प्रोपेनॉल आणि ब्युटेनडायॉल मिसळून सगळं नळीत ओढून घ्यायचं आणि गरम करायचं. पॉलिमर घट्ट होताना द्रावक बाजूला पडतो, त्याच्या जागी छिद्रं राहतात. अनारशाला जाळी पडावी तसा हा प्रकार. द्रावकांचं प्रमाण किंचित चुकलं की जाळी बिघडते. रेणू सुटे करण्याची क्षमता प्लेटमध्ये मोजतात; ती मीटरमागे १,२०,००० प्लेटपर्यंत गेल्याचं त्यांनी नोंदवलं. सल्फोनिक गटांवरचा कायमचा ऋणभार प्रवाह चालू ठेवतो. तो मोनोमर, म्हणजे एटीबीएस, आपल्या कोकणातच लोटे परशुरामला विनती ऑरगॅनिक्स टनांनी बनवते, तेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्यानं उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञानावर. त्याचा बहुतेक माल तेलविहिरी आणि जलशुद्धीकरणाकडे जातो. एका कॉलमला लागणारा मोनोमर चिमूटभरही नसतो, तेव्हा कच्च्या मालाचं रडगाणं इथे चालणार नाही.

खरी अडचण छिद्रांच्या मापात आहे. या कॉलममध्ये एक मायक्रोमीटरच्या आसपासचे मोठे बोगदे असतात, पण २ ते ५० नॅनोमीटरची बारीक छिद्रं फार कमी. प्रथिनासारखा अवाढव्य रेणू पृष्ठभागावरच बसतो-उठतो, त्याचं निभतं. लहान रेणूला मात्र टेकायला पुरेसा पृष्ठभाग मिळत नाही; वर तो फुगलेल्या पॉलिमरच्या आत शिरतो आणि उशिरा बाहेर पडतो. आलेखावरचा त्याचा उंचवटा, म्हणजे पीक, रुंदावतो.

यावर २०१० च्या सुमारास दोन इलाज पुढे आले. एक, निशांग आणि ब्रुगेमान यांचा: अभिक्रिया पूर्ण होण्याआधीच थांबवायची. पीक सुधारतात, पण अर्धवट शिजलेला माल दर वेळी सारखाच निघेल याची हमी कोण देणार? दुसरा, अर्बान, स्वेक आणि फ्रेशे यांचा: तयार पॉलिमर पुन्हा घट्ट विणून पृष्ठभाग ग्रॅममागे ६०० चौरस मीटरच्या वर न्यायचा. मला हा अधिक पटतो, कारण तो दुखण्याच्या मुळाशी जातो. कॉलममध्ये नॅनोकण आणि धातू-सेंद्रिय सांगाडे घालण्याची नंतर आलेली लाट मला बरीचशी हौसेची वाटते.

आता पवनेचं पाणी. पिण्याच्या पाण्यातल्या प्रत्येक कीटकनाशकाला युरोपची मर्यादा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आहे. या कॉलममध्ये १० नॅनोलिटर नमुना सोडला, तर मर्यादेवरच्या पाण्यातून आत जाणारं कीटकनाशक भरतं १ फेमटोग्रॅम. नळीतून आरपार जाणारा प्रकाश पाहणारा नेहमीचा डिटेक्टर त्याची दखलही घेत नाही, कारण प्रकाशाची वाट जेमतेम १०० मायक्रोमीटरची. त्यात नदीच्या पाण्यातले क्षार वीजप्रवाहाला छळतात. निबंधांत मात्र थायोयुरिया आणि अल्किलबेंझीन यांची सुबक रांग असते. एकाच कॉलमवरच्या लागोपाठच्या फेऱ्यांचं सातत्य ठळक छापलेलं असतं. दुसऱ्या दिवशी नव्यानं ओतलेल्या कॉलमचं काय झालं, ते शोधावं लागतं.

हत्यार निवडताना रेणूचा स्वभाव पाहावा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या इंद्रायणी तांदळाचा वास टू-अॅसिटिल-वन-पायरोलिनचा. तो उडून जाणारा रेणू, त्याला गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. उजव्या-डाव्या रूपांतल्या औषधी रेणूंसाठी मात्र लेमरहोफर आणि लिंडनर यांचे व्हिएन्नातले, सिंकोनावर्गीय अल्कलॉइड जोडलेले असेच अखंड पॉलिमरचे कॉलम खरोखर कामाचे ठरले. तिथे नमुना स्वच्छ असतो आणि भरपूर असतो. नदीच्या पाण्यासाठी मी हाच पॉलिमर कॉलमच्या आधी बसवीन: अर्धा लिटर पाणी त्यातून गाळायचं, अडकलेले रेणू थेंबभर द्रावकात उतरवायचे आणि पुढचं काम साध्या एलसी-एमएसवर, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, सोपवायचं.