बॅग कोणी भरली? क्रूझवरच्या ड्रेस कोडचं एक वाचन

माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: 'क्रूझ पर्यटनात संध्याकाळच्या पोशाखाचे नियम गेल्या काही दशकांत शिथिल झाले असून त्यामुळे कुटुंबांवरील बंधने कमी झाली आहेत.' मला हे वाक्य फार आवडलं होतं. कंपन्यांची जुनी-नवी माहितीपत्रकं शेजारी ठेवून मी ते लिहिलं होतं, म्हणजे पुरावाही होता. आमच्या गाइड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले: 'बॅग कोणी भरली?'

या तीन शब्दांपायी माझं अर्धं प्रकरण गेलं. आज तेच तुम्हाला सांगणार आहे, कारण तुमच्यापैकी अनेक जण प्रपोजलमध्ये 'नियमावलीचं विश्लेषण करणार' असं लिहिता. शाळेच्या गणवेशाचं पत्रक असो, हॉस्टेलचे नियम असोत की शासन निर्णय, मी केलेली चूक सगळीकडे होऊ शकते.

आधी विषय समजून घेऊ

क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. दिवसा सगळे हाफ पँटीत, पोहायच्या कपड्यांत. संध्याकाळी मात्र मुख्य डायनिंग रूममध्ये बसून जेवायचं तर कपड्यांचे काही नियम असतात. हे नियम सगळीकडे सारखे नाहीत.

एका टोकाला क्युनार्डसारखी जुनी ब्रिटिश कंपनी आहे. तिथे संध्याकाळी सहानंतरचा पोशाख वेगळा, आणि ठरावीक 'गाला' संध्याकाळी त्याहून वरचा: डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय, इव्हनिंग गाऊन किंवा कॉकटेल ड्रेस. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो. ज्यांना हे करायचं नाही त्यांच्यासाठी बुफे आणि पब अशा काही जागा खुल्या असतात. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन. त्यांनी २००० साली 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणलं. ठरलेली जेवणाची वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, औपचारिक कपड्यांची सक्ती नाही. पुढे तर नटण्याच्या संध्याकाळीला त्यांनी 'ड्रेस अप ऑर नॉट' असं नाव दिलं.

मधल्या कंपन्यांनी मुख्यतः शब्द बदलले. 'फॉर्मल नाइट'च्या जागी कार्निव्हलकडे 'क्रूझ एलिगंट' आलं, सेलिब्रिटीकडे 'इव्हनिंग शिक'. 'आवश्यक' गेलं, 'सुचवतो' आलं.

माझं वाक्य याच शब्दबदलावर उभं होतं. जुन्या पत्रकात सक्ती, नव्या पत्रकात सूचना, म्हणून बंधनं कमी. सरळ रेघ!

सैल नियम सोपा असतो का?

तुम्ही पहिल्यांदा क्रूझवर जाताय असं समजा. पत्रकात लिहिलंय, 'काळा डिनर जॅकेट, बो टाय.' महाग आहे, पण कळायला अवघड नाही. दुकानात जाऊन तेच शब्द उच्चारता येतात, कपडे भाड्याने आणता येतात. घातले की तुम्ही आणि शेजारचा लॉर्ड, दोघंही दिसायला सारखेच.

आता दुसरं पत्रक: 'स्मार्ट कॅज्युअल.' किंवा 'तुमच्या खास संध्याकाळी जसे जाल तसे या.' हे कुठल्या दुकानात मागायचं? जीन्स चालेल? गडद रंगाची चालेल आणि फिकट नाही? कुडता चालेल? सँडल? ज्याच्या घरात चार पिढ्या असं जेवण झालंय त्याला उत्तर आपोआप येतं. तुम्हाला-मला नाही.

पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 'डिस्टिंक्शन' (१९७९) या ग्रंथात अभिरुची आणि वर्ग यांचं नातं दाखवलं. अभिरुची ही व्यक्तीची खासगी आवड वाटते, पण ती कोणत्या घरात, कोणत्या शाळेत घडली याची खूण तिच्यावर असते. आपल्या विषयात त्याचा अर्थ काय, तर नियम जितका मोघम, तितकं अभिरुचीचं काम जास्त. लिखित नियम बाहेरच्याला निदान वाचता तरी येतो. न लिहिलेला नियम आतल्यालाच माहीत असतो.

याचं आपल्या ओळखीचं उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. ४ सप्टेंबर १८८८ला ते मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले. बोटीवर ते काळा सूट वापरत होते आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायचा म्हणून राखून ठेवला होता. तो घालून ते सप्टेंबरअखेरीस किनाऱ्यावर उतरले, आणि असे कपडे घातलेले आपण एकटेच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कुठलाही लिखित नियम मोडला नव्हता. अशा दिवसांत पांढरं घालत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जेवणाच्या टेबलाचंही तसंच. काटे-चमचे वापरता येत नाहीत म्हणून ते केबिनमध्येच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खात. त्यांना टेबलावर यायला कोणी मनाई केली नव्हती. संकोच पुरेसा होता.

म्हणून पहिला धडा. 'सक्ती कमी झाली' आणि 'बंधन कमी झालं' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं पत्रक वाचून सिद्ध होतं, दुसरं होत नाही. मी पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवला होता.

कारण एकच नसतं

नियम सैल झाले ते समाज उदार झाला म्हणून, हेही मी गृहीत धरलं होतं. पण सामानाचा विचार करा. जुन्या प्रवासी बोटींवर लोक पेट्याच्या पेट्या घेऊन चढत. प्रवासात न लागणाऱ्या सामानावर 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज' अशी चिठ्ठी लागे आणि ते खाली कोठारात जाई. १९२२ साली आलेल्या शिष्टाचारावरच्या आपल्या पुस्तकात एमिली पोस्ट सांगतात की आलिशान बोटींवर जवळपास सगळेच जेवणासाठी कपडे बदलतात. आणि तिथे बॉलगाऊन घालून येणाऱ्यांची त्या चक्क टर उडवतात! म्हणजे तेव्हाही जास्त नटणं ही चूकच होती. फक्त ती लक्ष्मणरेषा कुठे आहे हे माहीत असावं लागे.

आज बहुतेक प्रवासी बंदरापर्यंत विमानाने येतात आणि विमानात किलो मोजले जातात. चार माणसांचे सूट, गाऊन, बूट त्या वजनात बसवायचे कसे? इंग्लंडमधल्या कुटुंबाला साउथॅम्प्टनला स्वतःच्या गाडीने जाऊन बोटीवर चढता येतं, त्यामुळे तिथल्या प्रवासात ही अडचण उरत नाही. एका बदलामागे मूल्यं असू शकतात, तसाच वजनकाटाही. प्रकरणात दोन्ही तपासावे लागतात.

पत्रकात कुटुंब कुठे आहे?

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येते. मी वाचलेल्या पत्रकांत 'पुरुषांनी हे', 'स्त्रियांनी ते' अशी वाक्यं भरपूर होती. मुलांबद्दल एखादी ओळ, तीही 'नियमाचा भाव पाळावा' अशा धाटणीची. कुटुंब हा घटक जवळपास नव्हताच. जणू चार सुटी माणसं योगायोगाने एका केबिनमध्ये राहतात आणि प्रत्येक जण आपापले कपडे आणतो.

माझी ताई इंग्लंडमध्ये असते. ती, दाजी, दोन मुलं आणि तिकडे गेलेली आई असे पाच जण सात रात्रींच्या क्रूझवर गेले होते. दोन संध्याकाळी औपचारिक होत्या. मी तिला विचारलं, "तुझ्याकडे पॅकिंगची यादी आहे का गं अजून?" तिच्या फोनमध्ये होती. यादी वापरायची रीतसर परवानगी घेतली (हेही शिका, ताई असली तरी परवानगी लागते) आणि वाचायला बसले.

दाजींच्या नावापुढे तीन गोष्टी: सूट, दोन शर्ट, टाय. बाकी सगळी यादी इतरांची. भाच्याचा ब्लेझर मागच्या वर्षीचा, बाह्या बघणे. शाळेचेच काळे बूट, पॉलिश. काळे मोजे. भाचीच्या फ्रॉकवर स्वेटर कुठला. आईच्या पैठणीचं ब्लाउज सैल करणे. परकर, पिना. आणि शेवटी: 'इस्त्री नेता येत नाही!!' आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या केबिनमध्ये इस्त्री आणू देत नाहीत. मग चुरगळणार नाही असं कापड निवडायचं, नाहीतर धुलाईला पैसे द्यायचे. हा विचार पत्रकात कुठेच नाही. तो ताईच्या डोक्यात होता.

मार्जरी डीव्हॉल्ट यांचं 'फीडिंग द फॅमिली' (१९९१) हे पुस्तक इथे कामाला आलं. घरातल्या जेवणाचं काम म्हणजे फक्त रांधणं नाही, तर आठवण ठेवणं, अंदाज घेणं, प्रत्येकाची आवड सांभाळणं. हे सगळं काम असूनही काम म्हणून दिसत नाही, असं त्या दाखवतात. 'जेवण'च्या जागी 'कपडे' ठेवा आणि ताईची यादी पुन्हा वाचा. पत्रकात 'सुचवतो' असा शब्द आला म्हणून त्या यादीतली एकही ओळ कमी होत नाही. उलट एक वाढते: 'नक्की काय चालेल ते बघणे.'

आणि संध्याकाळी काय झालं? आईच्या पैठणीचं कौतुक झालं. डायनिंग रूमच्या दारावरचा मुलगा गोव्याचा निघाला, त्याने "या मावशी" म्हणून खुर्ची ओढून दिली. भाच्याने मात्र ब्लेझर घालायला साफ नकार दिला. रडारड झाली. शेवटी आई, दाजी आणि भाची आत जेवली, आणि ताई नवी साडी नेसून भाच्याबरोबर वरच्या मजल्यावर बुफेत बसली. कोणी त्यांना हाकललं नव्हतं. पर्याय तर पत्रकातच दिला होता. पण 'ज्यांना नको त्यांच्यासाठी बुफे' हे वाक्य एकेकट्या माणसासाठी लिहिलेलं आहे. कुटुंबाला ते लागू केलं की कुटुंबाचे दोन भाग होतात, आणि मुलाबरोबर कोण जाणार हे न विचारताच ठरलेलं असतं.

एका ताईवरून सिद्धांत होत नाही, हे मला माहीत आहे. तिच्या यादीवरून मला फक्त प्रश्न मिळाला. पण पत्रकांच्या गठ्ठ्यातून तो मिळाला नव्हता.

एकट्या पुरुषाचा निबंध

क्रूझवर काम करणारे विद्यार्थी डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांचा निबंध हमखास वापरतात. 'हार्पर्स' मासिकात जानेवारी १९९६मध्ये तो आला, १९९७ला पुस्तकात गेला. निबंध धमाल आहे, निरीक्षण तिखट आहे. वॉलेस औपचारिक कपडे न घेता गेले आणि त्या संध्याकाळी पस्तावले, हेही त्यात आहे.

पण तो पस्तावा नीट बघा. तो एकट्या माणसाचा आहे. आपण कसे दिसतो, लोक काय म्हणतील, एवढ्यापुरता. त्यांच्या बॅगेत दुसऱ्या कोणाचे मोजे नव्हते, रडणारं मूल नव्हतं. ही लेखकाची चूक नाही, ते एकटेच गेले होते. चूक आपली, जेव्हा आपण त्या अनुभवाला 'क्रूझ प्रवाशाचा अनुभव' म्हणून उद्धृत करतो. उत्तम लिहिलेलं साधन हे पूर्ण साधन असतंच असं नाही. उलट जितकं चांगलं लिहिलेलं, तितकं ते जास्त फसवतं, कारण आपण हसता हसता मान डोलावतो.

तुम्ही म्हणाल, मग मुलांना आवडेल असंच काही का करत नाहीत? करतात. डिस्नेच्या जहाजांवर समुद्री चाच्यांची रात्र असते, सगळं कुटुंब वेश करून येतं. मुलं खूश. पण मुलांना सजवून देणारं सलूनही त्याच जहाजावर आहे, पैसे वेगळे. जशी औपचारिक संध्याकाळी अनेक जहाजांवर फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात आणि फोटो विकत घ्यावे लागतात. तेव्हा 'मजा' या शब्दापुढेही मॅडमचा प्रश्न ठेवून बघा.

मग वाक्याचं काय झालं?

ते आता असं आहे: 'कंपन्यांच्या पत्रकांमधील पोशाखाची भाषा सक्तीकडून सूचनेकडे सरकली आहे, मात्र तिचा अर्थ लावण्याचे आणि ती प्रत्यक्षात आणण्याचे काम कुटुंबात कोणाकडे जाते, हे या पत्रकांवरून कळत नाही.' पहिल्याइतकं झोकदार नाही. पण यातला प्रत्येक शब्द मला व्हायव्हात उभं राहून सांभाळता येईल. आणि दुसरा भाग हाच माझ्या मुलाखतींचा विषय झाला.

तुमच्यासाठी एक छोटं काम. तुमच्या विषयातलं कुठलंही नियमपत्रक घ्या. त्यातली क्रियापदं अधोरेखित करा: 'घालावे', 'आणावे', 'पाळावे'. प्रत्येकाखाली लिहा, हे प्रत्यक्षात कोण करतं? ज्या ठिकाणी उत्तर पत्रकात सापडणार नाही, तिथे गोल करा. चार-पाच गोल झाले की तुमचे संशोधन प्रश्न तयार आहेत. मला ते सापडायला एक अख्खा खर्डा फुकट घालवावा लागला.