साठ गर्भ की सहा माद्या? खाद्यरंग आणि 'संरक्षक' अर्कांवरचे शोधनिबंध कसे वाचावेत

पीएचडीचा विषय शोधताना एक साचा तुम्हाला हमखास भेटेल. गाभण उंदीर-माद्या घ्यायच्या. एका गटाला टार्ट्राझिन, म्हणजे मिठाई-सरबतातला पिवळा रंग, द्यायचा आणि दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला एखाद्या वनस्पतीचा अर्क. विसाव्या दिवशी गर्भ काढायचे, वजन घ्यायचं, अलिझारिन रेडने हाडं रंगवून बघायची. निष्कर्षही ठरलेला: रंगाने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवला, अर्काने गर्भ वाचवला.

प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण या साच्यातले बरेच निबंध तीन ठिकाणी ढिले पडतात.

पहिलं म्हणजे नमुना. समजा गटात ६ माद्या आणि प्रत्येकीचे १० गर्भ. निबंधात लिहिलेलं असतं, n = ६०. पण डोस आईला दिलाय, आणि एका आईचे गर्भ एकमेकांसारखे असतात. समजा एकाच मादीच्या १० पैकी ८ गर्भांत दोष निघाले, बाकी सगळे ठीक. ६० पैकी ८ विरुद्ध कंट्रोल गटात ६० पैकी ०, अशी तुलना केली तर फिशर कसोटीत पी-मूल्य ०.०१ च्या खाली जातं. आता माद्या मोजा: ६ पैकी १ विरुद्ध ६ पैकी ०. पी-मूल्य थेट १! म्हणूनच ओईसीडीची ४१४ क्रमांकाची मार्गदर्शिका विश्लेषणाचं एकक 'वेत' धरते आणि प्रत्येक गटात साधारण २० गाभण माद्या असाव्यात असं सांगते.

दुसरं, डोस. उंदराला रोज ५०० मिग्रॅ/किलो दिलं असेल, तर शरीर-पृष्ठभागाच्या नेहमीच्या हिशेबाने त्याला ६.२ ने भागा. माणसासाठी साधारण ८१ मिग्रॅ/किलो येतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज जवळपास ४.८ ग्रॅम रंग. भारतात कृत्रिम रंगाची मर्यादा साधारणपणे किलोमागे १०० मिग्रॅ आहे. तेवढा रंग पोटात जायला रोज ४८ किलो मिठाई खावी लागेल! मोठा डोस देणं चूक नाही, धोका कुठून सुरू होतो ते शोधायला तो लागतोच. पण मग किमान तीन डोस हवेत. एकाच मोठ्या डोसवरून 'गरोदरपणात हा रंग घातक' असं लिहिता येत नाही. गाड्यावरच्या पदार्थात मर्यादेपेक्षा जास्त रंग किंवा बंदी असलेला मेटॅनिल यलो असू शकतो हे खरं. पण तो वेगळा प्रश्न, त्याचा अभ्यास वेगळा.

तिसरं, अर्क. रंग आणि अर्क एकाच वेळी तोंडावाटे दिले, तर अर्काने गर्भाचं रक्षण केलं की आतड्यातच रंगाचं शोषण कमी झालं? रक्तातली पातळी मोजल्याशिवाय हे कळत नाही. आईने खाल्लं किती, हेही बघा. ती कमी जेवली असेल तर गर्भाचं वजन तसंही घटेल. शिवाय 'पानांचा अर्क' म्हणजे नक्की काय? त्यात मुख्य घटक किती टक्के होता?

आणि 'वनस्पती म्हणजे सुरक्षित' हे तर गृहीतच असतं. ज्येष्ठमध घ्या. त्यातलं ग्लिसिरायझिन ११-बीटा-एचएसडी-२ या एन्झाइमला अडवतं. हे एन्झाइम वारेत आईच्या कॉर्टिसोलपासून गर्भाला वाचवतं. म्हणजे घशासाठी घेतलेलं औषध गर्भाचं कवचच पातळ करू शकतं. फिनलंडमध्ये गरोदर स्त्रियांना ज्येष्ठमध टाळायला सांगतात ते उगाच नाही. त्यामुळे फक्त अर्क दिलेला गट हवाच, आणि त्याचे आकडे तेवढ्याच काळजीने वाचायला हवेत.

असा विषय घेऊ नका, असं मी म्हणत नाही. उलट हाडं रंगवून तपासण्याचं कौशल्य या कामातूनच येतं. फक्त सिनॉप्सिस लिहिताना एकक, डोसचं कारण, अर्काचं प्रमाणीकरण आणि गर्भ तपासणाऱ्याला गट माहीत नसणं, या चार गोष्टी आधीच लिहून ठेवा. तुमचा निष्कर्ष उद्या बातमीत जाईल, आणि ती वाचून एखादी गरोदर बाई रोज चमचाभर अर्क घ्यायला लागेल.