मॅक्स रोचचा वारसा कोणाकडे?

जॅझच्या मैफलीत ड्रमचा सोलो सुरू झाला की बाकीचे वादक घाम पुसायला बाजूला होतात, श्रोत्यांत कुजबुज वाढते आणि ड्रमर जिवाच्या आकांताने बडवू लागतो. टाळ्या मात्र त्यालाच सर्वांत जास्त पडतात. ही सवय मोडायचा रस्ता ड्रमर मॅक्स रोचने साठ-सत्तर वर्षांपूर्वीच दाखवून ठेवला होता. त्या रस्त्याने फार थोडे गेले, हीच आजच्या ड्रमवादनाबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे.

रोचचा जन्म १९२४ सालचा, नॉर्थ कॅरोलिनातला, वाढला ब्रुकलिनमध्ये. तो ऐन उमेदीत आला तेव्हा केनी क्लार्कने लय धरायचं काम बास ड्रमवरून काढून राइड सिंबलकडे सोपवलं होतं. प्रत्येक मात्रेवर पाय आपटण्याची सक्ती संपली, आणि उजवा पाय व डावा हात मधूनमधून बोलायला मोकळे झाले. शोध क्लार्कचा, पण त्याचं व्याकरण रोचने घडवलं. २६ नोव्हेंबर १९४५ला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने ‘को-को’ ध्वनिमुद्रित केलं तेव्हा रोच एकवीस वर्षांचा होता. त्या भन्नाट द्रुत लयीतही त्याचा सिंबल कुठे घाईला आलेला वाटत नाही.

पुढे ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबर त्याने जो पंचक-वृंद काढला, त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. २६ जून १९५६ला पेनसिल्व्हेनियात मोटार-अपघातात ब्राउन आणि पियानोवादक रिची पॉवेल दोघेही गेले. ब्राउन अवघा पंचवीस वर्षांचा होता. या अपघाताच्या चारच दिवस आधी रोचने सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सच्या ‘सॅक्सोफोन कोलोसस’ या अल्बमसाठी वाजवलं होतं. त्यातल्या ‘ब्लू सेव्हन’वर गुंथर शुलर यांनी १९५८मध्ये लिहिलेला लेख जॅझ-समीक्षेत अजून उद्धृत होतो. रोलिन्स एकच छोटी कल्पना कशी उलगडत नेतो, हा त्या लेखाचा विषय. पण ध्वनिमुद्रण नीट ऐका: रोचचा सोलोही तेच करतो. दोन-तीन आकृत्या घ्यायच्या, त्या फिरवायच्या, मध्ये जागा सोडायची. वेग दाखवायची संधी समोर असताना तो ती चक्क नाकारतो.

या विचाराचं सर्वांत उघड रूप म्हणजे १९६६च्या ‘ड्रम्स अनलिमिटेड’मधलं ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’. सोबतीला कोणी नाही. बास ड्रम आणि हाय-हॅटवर दोन्ही पाय तीन मात्रांचं एक चक्र धरून राहतात आणि वर हात छोटी वाक्यं बोलतात. स्वतंत्र तबलावादन ऐकलेल्या मराठी कानाला यात परकं काही वाटू नये. लेहऱ्याचं काम इथे वादकाचे पायच करतात, एवढंच. हात थांबतात तेव्हा पायांचा ठेका पुढे येतो, आणि ती थांबण्याची जागाही रचनेतच धरलेली असते.

रोचला फक्त रचनाकार म्हणणं मात्र अर्धवट होईल. १९६०च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर जाऊन बसले. त्याच वर्षी रोचने ऑस्कर ब्राउन ज्युनियरच्या शब्दांसह ‘वुई इन्सिस्ट!’ केलं आणि मुखपृष्ठावर तसाच काउंटर दाखवला. पहिली रचना ‘ड्रायव्हा मॅन’, गुलामांवरच्या मुकादमाची, पाच मात्रांत बांधलेली. पहिल्या मात्रेवर रोचची काठी स्नेअरच्या कडेवर अशी बसते की आसूड ओढल्यासारखं वाटावं. पुढे एका भागात फक्त ॲबी लिंकनचा आवाज आणि रोचचे ड्रम आहेत. तिथे ती बराच वेळ नुसती किंचाळते. अनेकांना ते संगीत वाटत नाही. मलाही तो भाग वारंवार ऐकवत नाही. पण ड्रम तिथे गाणारीची साथ न करता तिच्या बरोबरीने बोलतात, आणि हे कुठल्याही अमूर्त सिद्धान्तापेक्षा जास्त पटतं.

त्याचं सगळंच काम या उंचीचं नाही. तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबरचे ऐंशीच्या दशकातले प्रयोग मला विस्कळीत वाटतात. उलट १९७०मध्ये उभा केलेला ‘म्बूम’ हा केवळ तालवाद्यांचा वृंद आणि १९७९ची पियानोवादक सेसिल टेलरबरोबरची जुगलबंदी आजही ताजी आहे. १९७२पासून तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवू लागला, आणि १९८८मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २००७मध्ये तो गेला.

आजच्या ड्रमरांकडे तंत्र किती आहे! हाता-पायांची स्वतंत्रता, विषम मात्रा, एका लयीत दुसरी लय पेरणं, हे आता विशीतल्या विद्यार्थ्यांनाही सहज जमतं. पण पुष्कळ सोलो ऐकताना सराव ऐकतोय असं वाटतं, कारण काय सोडायचं हे ठरलेलं नसतं. अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. रोचनेच ‘म्बूम’मध्ये घेतलेला नशीट वेट्स हा त्यांतला एक. टेरी लिन कॅरिंग्टनने २०२५मध्ये ‘वुई इन्सिस्ट!’ची नवी आवृत्ती काढून त्यातला राग आजच्या प्रश्नांना जोडला. आणि टायशॉन सोरी? त्याला २०२४मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं ते सॅक्सोफोन आणि वाद्यवृंदासाठीच्या, अत्यंत संथ रचनेला. तिथे ड्रमसेटचं प्रदर्शन नाही, तरी माझ्या मते रोचचा सर्वांत सरळ वारस तोच. ड्रमर हा संपूर्ण संगीताचा विचार करणारा माणूस असतो, हा रोचचा दावा त्याने तडीस नेला.

रोच कधीच ऐकला नसेल तर सुरुवात ‘वुई इन्सिस्ट!’पासून करू नका. ‘सॅक्सोफोन कोलोसस’मधलं ‘सेंट थॉमस’ लावा, सॅक्सोफोन पहिल्यांदा गप्प होईपर्यंत थांबा, आणि मग उठून जाऊ नका.